संगणक सुरू होत नाहीं तेव्हां



गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं एक प्रकार घडला. त्यांचा टेबलावरचा संगणक बटण दाबतांच चालू होई, अर्ध्यावर येई आणि आपोआप बंद पडून पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. त्यांनीं एका कारागिरास बोलाविलें. त्यानें फारशी चौकशी न करतां डिस्क पुसून टाकली आणि तिच्यावर कार्यप्रणाली नव्यानें घातली. बारा वर्षांचीं छायाचित्रें आणि गृहिणीनें कष्टानें जुळवीत आणलेली कुळाची वंशावळ, सर्व गेलें. चौथ्या दिवशीं संगणक पुन्हां तसाच वागूं लागला! रॅमच्या पट्टीचीं टोकें दमट हवेनें मळलीं होतीं. डिस्क बिचारी निर्दोष होती.

असा प्रसंग आपल्या घरीं येऊं नये, म्हणून आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. संगणक सुरू झाला नाहीं, तर ‘काय बिघडलें?’ असें विचारण्यापूर्वीं ‘तो कोठपर्यंत पोंचला?’ हें पाहावें.

संगणक चार पायऱ्या चढून सुरू होतो: वीज, आत्मपरीक्षा, डिस्कचा शोध आणि कार्यप्रणालीचें आगमन. इंग्रजींत या क्रियेस ‘बूट’ होणें म्हणतात. आपल्याच बुटांचे पट्टे धरून आपणच आपणांस उचलावें, या अशक्य कल्पनेवरून तो शब्द आला. संगणकांत कोणताहि प्रोग्रॅम आणावयाचा, तर तो आणणारा दुसरा प्रोग्रॅम आधींच आंत असावा लागतो! म्हणून असा एक छोटा प्रोग्रॅम मदरबोर्डवरील चिपमध्यें ठेवलेला असतो. आय.बी.एम.नें १९८१ सालीं काढलेल्या पर्सनल कॉम्प्युटरांत त्यास ‘बायॉस’ म्हणत. आजच्या यंत्रांत त्याची जागा ‘यू.ई.एफ.आय.’नें घेतली आहे.

पहिली पायरी विजेची. दिवा नाहीं, पंखा नाहीं, कसलाच आवाज नाहीं, अशी स्थिति असेल तर भिंतीवरील सॉकेटमध्यें दुसरा दिवा लावून पाहावा. मग कॅबिनेटच्या पाठीमागचें बटण आणि वायर पाहावी. घरांतील २३० व्होल्टांची वीज १२, ५ व ३.३ व्होल्टांवर उतरविणारी एस.एम.पी.एस. नांवाची डबी आंत असते. ती घरीं कधींच उघडूं नये. वायर काढल्यावरहि तिच्यांत प्राणघातक विद्युत्‌भार राहूं शकतो. ती बिघडली तर सबंध बदलावी.

दुसरी पायरी आत्मपरीक्षेची. पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. येथें प्रथम पडद्याचीच वीज व वायर तपासावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर पडद्याची वायर त्या कार्डालाच जोडलेली हवी. कांहीं यंत्रें या वेळीं ‘बीप’ असा आवाज करतात किंवा लहान दिवे लावतात. त्यांचा अर्थ कंपनीगणिक निराळा असल्यानें तो मदरबोर्डच्या पुस्तिकेंत पाहावा. नंतर वीज पूर्ण तोडून, कॅबिनेटच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर विद्युत् घालवावी, रॅमच्या पट्ट्या काढाव्या, त्यांचीं सोनेरी टोकें कोरड्या स्वच्छ फडक्यानें हलकेच पुसावीं आणि खटका बसेपर्यंत परत दाबाव्या. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी.

तिसरी पायरी डिस्कची. कंपनीचें नांव दिसतें, पण पुढें ‘बूट करण्याजोगें कांहीं सांपडत नाहीं’ अशी सूचना येते. एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला असेल तर तो काढावा. घड्याळ जुनी तारीख दाखवीत असेल, तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टांचा, नाण्याएवढा सेल संपला असें समजावें. त्यामुळें यंत्र आपलीं सेटिंग्ज विसरतें. मग डिस्कच्या वायरी घट्ट बसवाव्या. डिस्कमधून टक्‌टक् असा आवाज येत असेल, तर मात्र यंत्र तत्काळ बंद करावें. प्रत्येक नव्या प्रयत्नानें तिची हानि वाढूं शकते.

चौथी पायरी कार्यप्रणालीची. तिचें चिन्ह दिसून गाडी अडली, तर ‘सेफ मोड’मध्यें जाऊन नुकतेंच घातलेलें सॉफ्टवेअर काढावें. पण यंत्र पुन्हां पुन्हां आपोआप सुरू होत असेल, तर दोष रॅमचा, उष्णतेचा किंवा विजेचाहि असूं शकतो. विंडोजमध्यें रॅमची परीक्षा घेण्याची सोय आहे, ती वापरावी. पंख्यांवरील धूळ काढावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती कागदावर टिपावी, नाहींतर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

कारागीर बोलवावा लागला तर त्यास दोन प्रश्न विचारावे: दोष कोणत्या पायरीवर आहे? आणि डिस्कवरील मजकुराची नक्कल झाली काय? बिघडलेल्या यंत्रांतील चांगली डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडतां येते व मजकूर उतरवून घेतां येतो. ती कूटबद्ध असेल तर तिची किल्ली लागते. म्हणून ती आधींच लिहून ठेवावी. या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत डिस्क पुसण्यास संमति देऊं नये.

आमच्या स्नेह्यांची पत्नी आतां वंशावळ पुन्हां जुळवीत आहे. पण ज्यांच्या तोंडून तिनें ती ऐकली होती, त्यांपैकीं दोघे वृद्ध आतां या जगांत नाहींत.