मूत्रावरील ताबा सुटणे : विद्युत्-उद्दीपन व बायोफीडबॅक यांचे स्थान

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. गुहेपर्यंतची वाट डोंगर चढून जाते. मूत्रावरील ताबा सुटलेल्या स्त्रीस अशी वाट भीतिदायक ठरते. ती पाणी पिणे टाळते, किंवा यात्रेचा विचारच सोडून देते. संकोचामुळे ही तक्रार आपणहून सांगितली जात नाही. वैद्यानेच ती विचारावी लागते. या व्याधीत यंत्रोपचाराचे स्थान कोणते, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

खोकताना, शिंकताना वा ओझे उचलताना मूत्र निसटणे हा पहिला प्रकार; त्यात श्रोणितलाचे स्नायू व मूत्रमार्गाचा आधार दुर्बळ झालेला असतो. एकाएकी अनावर वेग येऊन वाटेतच मूत्र सुटणे हा दुसरा. त्यात बहुधा मूत्राशय अवेळी आकुंचन पावतो. अनेकींत दोन्ही प्रकार एकत्र आढळतात.

श्रोणितलाचा व्यायाम हा पायाभूत उपचार होय. एका वेळी किमान आठ आकुंचने, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने करावीत. मात्र अनेक स्त्रिया नेमका स्नायू न आवळता नितंब आवळतात वा खाली जोर देतात. येथे बायोफीडबॅक उपयोगी पडते. योनीत वा गुदात ठेवलेला संवेदक आकुंचन पडद्यावर दाखवितो. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये वर्णिलेले दाबमापक हे याच तत्त्वाचे होते. यंत्र स्नायू दाखविते. बळ व्यायामानेच येते. ब्रिटनमधील ६०० स्त्रियांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायामास बायोफीडबॅकची जोड दिल्याने दोन वर्षांअखेर अधिक लाभ दिसला नाही.

विद्युत्-उद्दीपनात सौम्य प्रवाहाने स्नायू आकुंचित केला जातो. पहिल्या प्रकारात सामान्यतः सेकंदास ३५ ते ५० स्पंदने, दुसऱ्यात १० ते २० स्पंदने योजतात. स्वतः आकुंचन करू न शकणाऱ्या रुग्णास ते विशेष उपयुक्त. सर्वांना सरसकट नव्हे.

चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मूत्रवेगधारण निषिद्ध मानले आहे. मग दुसऱ्या प्रकारात दोन मूत्रविसर्जनांतील अंतर वाढविण्यास कसे सांगावे, अशी शंका येईल. आमच्या मते विरोध नाही : मूत्राशय भरल्यावर येणारा स्वाभाविक वेग अडवू नये; अल्प मूत्र असताना उठणारा अकाली वेग मात्र क्रमाक्रमाने शमवावा.

मूत्रात रक्त, दाह, सतत गळती, मूत्र तुंबणे वा पायांत बधिरता असल्यास प्रथम तज्ज्ञाकडे पाठवावे. गर्भिणी, पेसमेकर बसविलेले रुग्ण, जंतुसंसर्ग, अनिदानित रक्तस्राव वा श्रोणिभागातील कर्करोग असता विद्युत्-उद्दीपन वर्ज्य समजावे. औषधविक्रेत्यांनी निदानाविना यंत्र विकू नये, आणि एका रुग्णाचा प्रोब दुसऱ्यास देऊ नये. महागड्या यंत्राआधी व्यायाम नीट शिकविला गेला की नाही, हे प्रत्येकाने पाहावे, इतकीच आमची विनंती.