नांदेड ते लातूर : आठ मिनिटांचा हिशेब

अक्षांश-रेखांशावरून सरळ अंतर काढायची रीत मागच्या लेखात पाहिली. आज ती आपल्याच दोन गावांवर चालवू. नांदेडचा श्री गुरु गोबिंद सिंहजी विमानतळ साधारण १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व, लातूरचा १८.४१ आणि ७६.४६. अक्षांशांतला फरक ०.७७ अंश, म्हणजे सुमारे ८५ किलोमीटर. रेखांशांतला ०.८६, आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०५ किलोमीटरचा, म्हणून ९०. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ : १२४ किलोमीटर. एवढ्याशा अंतरात पृथ्वीची गोलाई हिशेबात धरायची गरज नाही.

लोहा, अहमदपूर, चाकूर करत रस्त्याने हेच अंतर १४० च्या आसपास भरतं. रेल्वेने पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा, दोनशेच्या वर.

आता वेळ. जेटचा वेग ताशी ९०० धरून १२४ ला भागलं की आठ मिनिटं येतात. भागाकार बरोबर, उत्तर चूक. ताशी ९०० हा वेग तीस-पस्तीस हजार फुटांवरचा. विमान उतरवताना दर हजार फुटांना साधारण साडेपाच किलोमीटर लागतात, असा वैमानिकांचा ढोबळ ठोकताळा आहे. तीस हजार फुटांवरून उतरायला मग १६५ किलोमीटर हवेत. म्हणजे लातूरला उतरायची तयारी नांदेडच्याही मागे चाळीस किलोमीटरवर सुरू करावी लागेल!

म्हणून इथे पंख्याचं विमान घेऊ, एटीआर. दहा हजार फूट चढेपर्यंत चाळीस-पन्नास किलोमीटर जातात, उतरायला पंचावन्न. मधे सरळ उडायला उरतात वीस-पंचवीस. त्यातही नांदेडची धावपट्टी पूर्व-पश्चिम. पूर्वेकडे उड्डाण केलं तर नैऋत्येच्या लातूरसाठी वळण घेऊन मागे यायचं. हवेतच वीस-पंचवीस मिनिटं गेली. वर जमिनीवरचं रांगणं. वेळापत्रकात छापतात ती वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, तेव्हा पस्तीस मिनिटं धरा. त्यात तासभर आधी पोहोचणं, सामानाची तपासणी आणि लातूर विमानतळापासून शहरापर्यंतचे दहा-बारा किलोमीटर मिळवा. गाडीने अडीच-तीन तासांत होणाऱ्या प्रवासासाठी एवढा खटाटोप म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

दोन्ही जिल्ह्यांनी मिळून राज्याला चार मुख्यमंत्री दिले, तेव्हा दोघांच्याही वाट्याला धावपट्टी आली यात नवल नाही. २००९ मध्ये दोन्ही विमानतळ एकाच खासगी कंपनीला भाड्याने गेले. पण या दोघांना जोडणारी विमानफेरी कोणी मागितल्याचं ऐकिवात नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही तीन किलोमीटरहूनही कमी अंतराची, दोन मिनिटांची विमानफेरी रोज चालते. पण तिथे मधे समुद्र आहे. आपल्याकडे मधे अहमदपूरचा बसस्टँड.

नांदेड-हैदराबादची गोष्ट वेगळी. ‘उडान’ योजनेतल्या पहिल्या मार्गांपैकी हा एक. २७ एप्रिल २०१७ ला सुरू झाला. हवाई अंतर २४५-२५० किलोमीटर, लातूरच्या दुप्पट. वेळ मात्र दुप्पट नाही : चढणं, उतरणं, रांगणं तेवढंच राहतं, वाढतो तो फक्त मधला सरळ टप्पा, पंधरा-वीस मिनिटांचा. अंतर वाढेल तसं विमान परवडत जातं ते यामुळे.

पुढच्या आठवड्यात वारा : मुंबईहून नांदेडला येताना आणि परत जाताना लागणारी वेळ सारखी का नसते, ते पाहू.