आयुर्वेद शिक्षणातील संगणकीय अध्यापन : लाभ, मर्यादा आणि आपले कर्तव्य

आमच्या चिकित्सालयाला लागून एक लहानशी औषधनिर्माणशाळा आहे. आंतरवासिता करणारे विद्यार्थी सायंकाळी तेथे येतात, रुग्ण पाहतात, कधी खल चालवतात, कधी काढा गाळतात. २०२४ साली अशीच एक विद्यार्थिनी येऊ लागली. २०१९ साली बी.ए.एम.एस.ला प्रवेश घेतलेल्या तुकडीतील ती. बुद्धी तल्लख, पाठांतर चोख, वृत्ती नम्र. त्या दिवशी अशोकारिष्टासाठी दोन व्यापाऱ्यांकडून सालीचे नमुने आले होते. आम्ही ते दोन ताटांत तिच्यापुढे ठेवले आणि विचारले, "यांतील अशोक कोणता?"

तिने अशोकाचे पर्याय सांगितले, रस-वीर्य-विपाक सांगितले, कर्म आणि आमयिक प्रयोग सांगितले. ताटांतील सालीकडे मात्र ती पाहतच राहिली. शेवटी संकोचाने म्हणाली, "सर, आम्ही ही साल पीपीटीवरच पाहिली आहे."

आम्ही तिला दोन्ही साली थोड्या थोड्या चघळावयास सांगितल्या. क्षणभरात तिचा चेहरा उजळला. "ही तुरट आहे सर, जीभ ओढून धरते. ती दुसरी तशी नाही." दुसरी साल आसुपालवाची होती. रस्त्याच्या कडेला सरळसोट वाढणारा हा वृक्ष पुष्कळ लोक अशोक म्हणूनच ओळखतात आणि त्याची साल अशोकाच्या नावाने सर्रास विकली जाते, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

या प्रसंगात दोष त्या मुलीचा नव्हता. तो कोणाचा, याचा विचार करता करता आम्ही स्वतःपर्यंत येऊन पोहोचलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२० चा अनुभव

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि महाविद्यालयांचे वर्ग ओस पडले. आम्ही त्या काळी एका महाविद्यालयात अभ्यागत व्याख्याता म्हणून भैषज्यकल्पना शिकवीत होतो. संगणकाद्वारे शिकवण्याचा विचार तोपर्यंत आमच्या मनाला शिवलाही नव्हता. वास्तविक इस्रोने केवळ शिक्षणाच्या कार्यासाठी एज्युसॅट हा उपग्रह २००४ सालीच सोडला होता आणि केंद्र शासनाचे 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ २०१७ पासून चालू होते. परंतु आयुर्वेद महाविद्यालयांतील आपण बहुतेक जण फळा, खडू आणि फार तर प्रोजेक्टर यांवर समाधानी होतो. साथीने आपल्याला एका रात्रीत पडद्यासमोर आणून बसविले.

झूमची विनामूल्य सभा ४० मिनिटांनी आपोआप बंद पडे. पडद्यावर विद्यार्थ्यांच्या नावांचे काळे चौकोन दिसत. पहिली १० मिनिटे "आवाज येतो आहे ना?" या प्रश्नातच जात. गावी गेलेले काही विद्यार्थी 'रेंज' मिळावी म्हणून गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन बसत, तर काहींच्या घरी एकच भ्रमणध्वनी आणि तो वडिलांसोबत शेतावर. अशाही स्थितीत आम्ही स्नेहपाक शिकविला, अवलेह शिकविला, संधान शिकविले आणि नोंदवहीत 'अभ्यासक्रम पूर्ण' असा शेरा लिहिला. तो शेरा लिहिताना समाधान वाटले होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पुढे आमच्यासमोर अशोकाच्या सालीने बुचकळ्यात पडलेली विद्यार्थिनी त्याच काळात, अशाच दुसऱ्या कोणा अध्यापकाच्या काळ्या चौकोनांपैकी एक होती. त्या तुकडीचे द्रव्यगुण आणि रसशास्त्र-भैषज्यकल्पना हे द्वितीय वर्षाचे विषय मुख्यतः पडद्यावरच झाले.

निःसंशय लाभ

संगणकीय अध्यापनास सरसकट नावे ठेवणे हा अन्याय ठरेल. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय वैद्यकीय वारसा संस्थेने चरक, सुश्रुतादी संहिता 'ई-संहिता' या स्वरूपात, तसेच निघंटु 'ई-निघंटु' या स्वरूपात सर्वांना खुले केले आहेत. आमच्या विद्यार्थीदशेत एखाद्या शब्दाचे सर्व संदर्भ शोधावयाचे तर ग्रंथालयात चार दिवस घालवावे लागत. आज आडगावचा विद्यार्थीही हे काम घटकाभरात करू शकतो. ज्या महाविद्यालयाचे ग्रंथालय दरिद्री, त्याच्या विद्यार्थ्यास हा लाभ सर्वांत मोठा आहे.

दुसरा लाभ पुनरावृत्तीचा. क्षारसूत्र-बंधनाच्या वेळी शस्त्रकर्मगृहात दहा जण उभे असतील तर दोघांनाच नीट दिसते. चांगल्या चित्रफितीत ते सर्वांना दिसते, थांबवून पाहता येते आणि पुन्हा पुन्हा पाहता येते. तिसरा लाभ सूक्ष्म भेद दाखविण्याचा. दारुहरिद्रेच्या नावाने बाजारात येणारे कोसिनियमचे काष्ठ पाहा. दोन्ही काष्ठे पिवळी, दोन्ही कडू आणि दोन्हींमध्ये बर्बेरिन असते. येथे अनुभवी जीभही फसते. परंतु दोहोंच्या आडव्या छेदांची सूक्ष्मदर्शकातील चित्रे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली की भेद उलगडतो. अशा ठिकाणी पडदा हा अध्यापकाचा उजवा हात होय.

नव्या व्यवस्थेनेही हा मार्ग स्वीकारला आहे. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या जागी २०२१ साली राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आला आणि त्याच्या २०२२ च्या नियमावलीत पदवी अभ्यासक्रमातील वैकल्पिक विषय ऑनलाइन शिकण्याची तरतूद झाली. तेव्हा साथ सरली म्हणून हे अध्यापन सरेल, असे कोणी मानू नये.

मर्यादा कोठे आहे?

रोगिपरीक्षेची दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही तीन साधने आपण पहिल्या वर्षापासून घोकतो. तीच फूटपट्टी पडद्याला लावून पाहावी. दर्शन पडद्यावर होते, प्रश्नही विचारता येतो, स्पर्शन मात्र शून्य. नाडी, त्वचेचा रूक्ष-स्निग्ध भाव, उदराचे काठिण्य, शोथावर बोट दाबल्यावर उमटणारा खळगा, यांतील काहीही काचेतून हाती येत नाही. द्रव्याच्या आणि कल्पाच्या बाबतीत तर गंध आणि रस हेही विषय हातचे जातात. पाच ज्ञानेंद्रियांपैकी दोनच, नेत्र आणि कर्ण, पडद्याशी संबंध ठेवू शकतात.

ही गोष्ट आमच्या निर्माणशाळेत किती महाग पडू शकते याचा अनुभव त्याच विद्यार्थिनीच्या निमित्ताने आला. अशोकाच्या प्रसंगानंतर तिचा उत्साह वाढला होता. एके दिवशी तिने लहान प्रमाणावर तैलपाक स्वतः करण्याची अनुज्ञा मागितली. तैलपाकाची एक चित्रफीत तिने अनेक वेळा पाहिली होती. आम्ही अनुज्ञा दिली आणि रुग्ण पाहण्यास गेलो. परत आलो तेव्हा तैल खरपाकाच्याही पुढे जाऊन दग्ध झाले होते. कल्क काळा पडून तळाशी चिकटला होता आणि खोलीभर करपट गंध पसरला होता.

तिने पाकाचा वेळ चित्रफितीवरून मोजला होता. परंतु चित्रफितीतील पातेले मोठे, अग्नी वेगळा, कल्क वेगळा. आम्ही विचारले, "कल्काची वात वळून पाहिली का? अग्नीवर टाकून आवाज ऐकला का?" ती म्हणाली, "वात वळताना दाखवली होती सर, पण ती किती मऊ असावी हे कळले नाही. आणि आवाज कसा ऐकणार? चित्रफितीत वर संगीत लावले होते."

हे उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. सिद्ध स्नेहाची लक्षणे आपणा सर्वांस मुखोद्गत आहेत. कल्क बोटांत वळला असता त्याची वात व्हावी, ती अग्नीवर टाकली असता तडतड होऊ नये, तैलात फेन यावा, घृतात तो शमावा, आणि योग्य गंध, वर्ण व रस उत्पन्न व्हावेत. यांतील फेन आणि वर्ण चित्रफितीत दिसतात. तडतड ऐकू येऊ शकते, पण संगीताने तीही गिळली. वातीचा मऊपणा, गंध आणि रस हे तर चित्रफितीच्या कक्षेतच नाहीत. अवलेहाचेही असेच. तार सुटताना दिसते, पाण्यात टाकलेला थेंब बुडताना दिसतो, पण दाबल्यावर बोटाची मुद्रा उमटणे हे बोटालाच कळावयाचे. भस्माच्या रेखापूर्णत्वाचे चित्र कितीही मोठे करून दाखविले, तरी अंगठा व तर्जनी यांमध्ये भस्म घासल्यावाचून त्याची श्लक्ष्णता समजत नाही.

प्राचीनांची दृष्टी

आयुर्वेदाने कृत्रिम साधनांवर शिकविणे निषिद्ध मानले आहे, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात शिष्याने कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेदनाचा, केसाळ चामड्यावर लेखनाचा, मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर वेधनाचा आणि वस्त्रादिकांच्या पुतळ्यावर बंधाचा सराव करावा, असे सांगितले आहे. रुग्णाच्या देहाला हात लावण्यापूर्वी पर्यायी वस्तूवर चुका करून घ्याव्यात, हे त्यामागील सूत्र. आधुनिकांच्या 'सिम्युलेशन'शी ते जुळते. मात्र त्यातील प्रत्येक साधन असे निवडले आहे की शिष्याचा हात काही तरी कापतो, टोचतो किंवा बांधतो. केवळ पाहण्यावर योग्या संपत नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा असे ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले. पहिल्या दोहोंना संगणक साहाय्य करतो आणि संभाषाही दूरस्थ होऊ शकते. परंतु सूत्रस्थानाच्या आरंभीच त्यांनी असेही सांगून ठेवले आहे की औषधींची नावे आणि रूपे रानात वावरणारे गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात. आजचे गुराखी आणि वनवासी आहेतच, त्यांच्या जोडीला अनुभवी काष्ठौषधी-व्यापारी आणि निर्माणशाळेतील जुने कामगार आहेत. त्यांच्यापाशी विद्यार्थ्यास कोण नेणार?

आपले कर्तव्य

पडद्याने जे द्यावयाचे ते दिले आहे. जे त्याला देता येत नाही ते चिकित्सक आणि औषधनिर्माते यांच्यापाशी आहे, महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर आहे. म्हणून पुढील सूचना महाविद्यालयांपेक्षाही आपल्या संघटनेच्या सदस्यांना उद्देशून आहेत.

१) नमुनापेटी : प्रत्येक जिल्हा शाखेने सुमारे २० द्रव्यांची पेटी सिद्ध करावी. प्रत्येक द्रव्याचा खरा नमुना आणि बाजारात त्याच्या जागी येणारा नमुना, दोन्ही केवळ क्रमांक घालून ठेवावेत. विद्यार्थ्याने आधी रूप, गंध व स्पर्श स्वतः लिहावेत. विषारी नसलेल्या द्रव्यांचा रस अध्यापकासमक्ष पाहावा. त्यानंतरच पडद्यावरील पाठ उघडावा. क्रम उलटा झाला की विद्यार्थी पडद्यावरचे उत्तर जिभेवर शोधू लागतो.

२) पाकदिन : ज्या दिवशी तैल, घृत किंवा अवलेह सिद्ध होणार, तो दिवस निर्माणशाळेने जवळच्या महाविद्यालयास आधी कळवावा. चार-पाच विद्यार्थी चित्रफीत पाहून यावेत आणि त्यांनी वात स्वतः वळावी. अनुसूची 'टी' मधील स्वच्छतेचे नियम पाळून हे सहज शक्य आहे. मूळ पाठ गुप्त ठेवावयाचा असेल तर ग्रंथोक्त कल्पाचा दिवस निवडावा.

३) प्रामाणिक चित्रफिती : आपल्या निर्माणशाळांतून मराठीत चित्रफिती तयार व्हाव्यात. त्यांत संगीत नसावे, पाकाचा खरा ध्वनी असावा, द्रव्यांचे प्रमाण आणि अग्नीचे मान स्पष्ट सांगितलेले असावे. करपलेला पाकही दाखवावा, कारण बिघाड पाहिल्यावाचून सिद्धी ओळखता येत नाही. रुग्णांचे चित्रण मात्र लेखी संमतीवाचून करू नये.

४) परीक्षा : बाह्य परीक्षक म्हणून जाणाऱ्या सदस्यांनी छायाचित्रावरून द्रव्य ओळखण्याचा प्रश्न पुरेसा मानू नये. प्रत्यक्ष नमुना हाती द्यावा.

औषधनिर्मात्यांस एक विनंती विशेष करून. औषधे नियम, १९४५ अन्वये आयुर्वेदीय औषधांची निर्मिती पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते, आणि ती व्यक्ती पुष्कळदा आयुर्वेदाची पदवीधर असते. आज जे विद्यार्थी पडद्यावर अशोक पाहत आहेत, उद्या त्यांचीच स्वाक्षरी आपल्या निर्माणशाळेतून बाहेर पडणाऱ्या अशोकारिष्टाच्या कागदावर असणार आहे. तो अरिष्ट आमच्यासारखा चिकित्सक विश्वासाने रक्तप्रदराच्या रुग्णेस देणार. सालीच्या त्या एका ताटातील चूक रुग्णेपर्यंत पोहोचण्यास मध्ये दुसरा अडसर फारसा उरत नाही.

त्या विद्यार्थिनीची आंतरवासिता नंतर पूर्ण झाली. जाण्यापूर्वी तिने तोच तैलपाक पुन्हा केला. या वेळी आम्ही शेजारी बसलो आणि काहीच बोललो नाही. तिने भिंतीवरील घड्याळाकडे पाहिले नाही. तीनदा कल्क काढून वळून पाहिला, तिसऱ्या वेळी वात नीट वळली. तिने ती अग्नीवर टाकली, कान देऊन ऐकले आणि पातेले उतरविले. पाक मध्यम साधला होता. ते तैल आम्ही आमच्या रुग्णांसाठी वापरले.

सदस्यांनी आपल्या शाखेतील नमुनापेटीचे आणि पाकदिनांचे अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत. त्यांतील उणिवाही कळवाव्यात, म्हणजे पुढील पाऊल अधिक नेटके पडेल.