कैरोच्या लेकींनी हिजाब का घेतला?

मुस्लिम स्त्रियांच्या पोशाखाविषयी मराठीत बहुधा ‘बुरखा’ हा एकच शब्द वापरला जातो; वास्तविक ज्यांवरून वाद होतात ती वस्त्रे निरनिराळी आहेत. केस, कान व मान झाकून चेहरा उघडा ठेवणारे वस्त्र म्हणजे हिजाब, डोळे वगळून चेहरा झाकणारा तो निकाब, आणि भारतीय उपखंडात अंगावरून घेतला जाणारा सैल, बहुधा काळा पेहराव म्हणजे बुरखा. कुराणात ‘हिजाब’ हा शब्द आडपडदा या अर्थाने येतो. स्त्रियांच्या वस्त्रांविषयीच्या आज्ञा चोविसाव्या आणि तेहेतिसाव्या अध्यायांत असून तेथे ‘खिमार’, म्हणजे ओढणीसारखे वस्त्र, आणि ‘जिलबाब’, म्हणजे वरून घ्यायचे सैल वस्त्र, असे शब्द योजले आहेत. या आयतींवरून केस झाकणे बंधनकारक ठरते की नाही, याविषयी आधुनिक अभ्यासकांत मतभेद असले, तरी चारही सुन्नी विधिपरंपरांनी ते कर्तव्यच मानले आहे. मात्र धर्माज्ञा शतकानुशतके तीच असताना एका पिढीने डोके उघडे ठेवावे आणि तिच्याच लेकींनी ते झाकावे, याचा उलगडा ग्रंथांतून होत नाही. त्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते, आणि या दृष्टीने इजिप्तची राजधानी कैरो हिच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

इजिप्तमध्ये पडद्याचा प्रश्न पेटला तो इंग्रजांच्या अमलाखाली. १८८३ ते १९०७ या काळात तेथील कारभाराची सूत्रे हाती असलेल्या लॉर्ड क्रोमर यांनी पडदा आणि स्त्रियांचे एकांतवासातील जिणे यांना इजिप्तच्या मागासलेपणाचे मोठे कारण ठरवले. हेच गृहस्थ मायदेशी परतल्यावर स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष झाले, ही गोष्ट त्यांच्या स्त्री-कैवाराची खोली दाखवण्यास पुरेशी आहे. कासिम अमीन या इजिप्शियन न्यायाधीशांनी १८९९ साली स्त्रीमुक्तीवरील आपल्या पुस्तकात चेहऱ्यावरचा पडदा हटवण्याचा पुरस्कार केला. १९२३ साली स्त्रीवादी नेत्या हुदा शारावी आणि त्यांच्या सहकारी सैझा नबरावी या रोम येथील आंतरराष्ट्रीय महिला परिषदेहून परतल्या, तेव्हा त्यांनी कैरोच्या रेल्वे स्थानकावर जाहीरपणे तोंडावरचा पडदा दूर केला. पुढील काही दशकांत शहरी मध्यमवर्गात केवळ निकाबच नव्हे, तर डोके झाकण्याची रीतही मागे पडत गेली, आणि राष्ट्राध्यक्ष गमाल अब्दुल नासर यांच्या राजवटीत मोफत उच्चशिक्षण व पदवीधरांना सरकारी नोकरीची हमी मिळाल्यावर उघड्या डोक्याने कचेरीत जाणारी स्त्री हे नव्या इजिप्तचे चित्र बनले. पडदा घेणे ही आता खेडुतांची किंवा आजीबाईंची गोष्ट उरली, असा समज त्या काळी सार्वत्रिक होता.

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने अवघ्या सहा दिवसांत इजिप्तचा दारुण पराभव केला आणि नासर यांच्या राष्ट्रवादावरील व समाजवादावरील विश्वास ढासळला. १९७३ चे युद्ध रमजानच्या महिन्यात आणि धार्मिक घोषणांच्या गजरात लढले गेले. त्यानंतर नासर यांच्या जागी आलेले राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी १९७४ पासून ‘इन्फिताह’, म्हणजे परकीय भांडवल व आयात माल यांना दार उघडणारे आर्थिक धोरण, स्वीकारले. काहींच्या हाती अमाप पैसा आला, पगारदारांची मात्र महागाईने कोंडी झाली, आणि लाखो कामगार व शिक्षक आखाती देशांत नोकरीसाठी जाऊ लागले. याच काळात विद्यापीठांतील इस्लामी विद्यार्थी संघटनांनी गर्दीने तुडुंब भरलेल्या बसगाड्यांना पर्याय म्हणून विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र वाहने सुरू केली, स्वस्तात ‘इस्लामी पेहराव’ उपलब्ध करून दिला आणि वर्गांत स्वतंत्र बैठक मागितली. या संघटनांचा हेतू राजकीय होता यात शंका नाही, पण हिजाब घेणाऱ्या सर्वच मुली त्यांच्या अनुयायी होत्या असे मानणे चुकीचे ठरेल.

हा पेहराव प्रथम स्वीकारणाऱ्या अनेक मुली वैद्यक आणि अभियांत्रिकीसारख्या, अव्वल गुणांशिवाय प्रवेश न मिळणाऱ्या शाखांत शिकत होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींच्या माता उघड्या डोक्याने वावरणाऱ्या होत्या. त्यामुळे आईवडिलांचा पहिला प्रतिसाद अनेकदा विरोधाचा असे. शिकलेली मुलगी आजीसारखी दिसू लागली, याचे त्यांना दुःख होई. मानवशास्त्रज्ञ फदवा अल्-गिंदी यांनी त्याच सुमारास नोंदवले की हा आजीचा पडदा नव्हताच: सैल लांब झगा आणि डोक्याभोवती घट्ट गुंडाळलेले वस्त्र हा नव्या पिढीने स्वतः घडवलेला पोशाख होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या एका पाहणीत हिजाब घेणाऱ्या विद्यार्थिनींपैकी बहुसंख्य स्त्री-शिक्षणाच्या बाजूच्या असल्याचे दिसून आले, तर हिजाबाने काय दिले या प्रश्नावर ‘मनःशांती’ हे उत्तर वारंवार आले. खेड्यातून किंवा लहान गावातून येऊन अनोळखी मुलांच्या शेजारी बाकावर बसणाऱ्या पहिल्या पिढीतील विद्यार्थिनीला मिळणारी ही शांती निव्वळ आध्यात्मिक नसावी, हे उघड आहे.

विद्यापीठानंतर हिजाब कचेऱ्यांत आला, आणि तेथे त्याची कारणे बदलली. आर्लीन मॅक्लाउड या अमेरिकन अभ्यासिकेने १९८० च्या दशकात कैरोच्या कनिष्ठ मध्यमवर्गीय वस्त्यांत राहून तेथील कारकून स्त्रियांचे जीवन न्याहाळले. एकट्याच्या पगारात घर चालत नसल्याने या स्त्रियांना नोकरी सोडणे शक्य नव्हते, पण घराबाहेर आठ तास परपुरुषांत वावरणाऱ्या बाईला चांगली पत्नी आणि आई म्हणून मिळणारा मान डळमळीत होत होता. हिजाबाने ही कोंडी काही अंशी फोडली: नोकरीही राहिली आणि मानही राहिला. मॅक्लाउड यांनी याला तडजोडीतून व्यक्त होणारा निषेध म्हटले आहे, कारण स्त्री या वस्त्राद्वारे आदराची मागणी करते, परंतु ज्या विषमतेमुळे ती मागणी करावी लागते तिला हात लावत नाही. यात खर्चाचाही विचार होता. रोज नवे कपडे व केशरचना यांच्या स्पर्धेतून तुटपुंज्या पगाराची सुटका होत असे, आणि ही बाब धर्मचर्चेत सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

तरीही सर्व कारणे अशी सामाजिक हिशेबात बसवली, तर ज्या स्त्रिया ‘ईश्वराची आज्ञा आहे म्हणून’ असे साधे उत्तर देतात, त्यांचे म्हणणे ऐकलेच जात नाही. पाकिस्तानात जन्मलेल्या मानवशास्त्रज्ञ सबा महमूद यांनी १९९० च्या दशकात कैरोच्या मशिदींतील स्त्रियांच्या धर्मवर्गांचा अभ्यास केला आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या उत्तराला पूर्ण वजन दिले. हे वर्ग ‘दाइया’, म्हणजे धर्मोपदेश करणाऱ्या स्त्रिया, चालवीत, आणि तेथे ‘हया’, म्हणजे लज्जा वा विनय, या गुणावर विशेष भर असे. मनात विनय असल्याने स्त्री डोके झाकते असे या स्त्रिया म्हणत नसत. डोके झाकत राहिल्याने हळूहळू मनात विनय रुजतो, असे त्यांचे म्हणणे होते. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घालणारा मनुष्य त्या क्षणी निर्व्यसनी व शुद्ध झालेला नसतो, माळेच्या बंधनाने तो तसा होत जातो, ही धारणा ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकांना हा विचार परका वाटू नये. माळ काढून ठेवणाऱ्याकडे समाज ज्या नजरेने पाहतो, तीही येथे लक्षात घ्यावी लागते.

पुढे या लाटेने वरच्या वर्गालाही वेढले. गायिका व अभिनेत्री शादिया यांच्यासारख्या तारकांनी १९८० च्या दशकात पडदा घेऊन चित्रपटसंन्यास घेतला. शतकाच्या अखेरीस अम्र खालेद हे सुटाबुटातील दूरचित्रवाणी-उपदेशक सुखवस्तू तरुणींना हिजाबाकडे वळवू लागले, आणि रंगीबेरंगी रुमाल, टाचण्या व दुकाने यांचा मोठा व्यापार उभा राहिला. २००६ साली सांस्कृतिक मंत्री फारूक होस्नी यांनी हिजाबाला मागे नेणारी गोष्ट म्हटले, तेव्हा संसदेत विरोधकांबरोबरच सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनीही त्यांना धारेवर धरले. ज्या देशात कायद्याने हिजाब सक्तीचा नाही तेथे तो न घेणारी शहरी मुस्लिम स्त्री आता अपवाद ठरू लागली, आणि पहिल्या विद्यार्थिनींनी जे प्रवाहाविरुद्ध निवडले होते ते त्यांच्या मुलींसाठी प्रवाहच बनले. रस्त्यावरील छळापासून संरक्षण हे वारंवार दिले जाणारे कारणही तपासून पाहावे लागते, कारण २०१३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत ९९.३ टक्के इजिप्शियन स्त्रियांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. हिजाब हे कवच असते, तर तो सर्वत्र रूढ झालेल्या देशात हा आकडा इतका भयावह नसता.

निवड खरी की लादलेली, याची कसोटी वस्त्र घेण्याच्या क्षणात शोधण्यापेक्षा ते उतरवता येते का यात शोधावी. इराणमध्ये रझा शाह यांनी १९३६ साली पडद्यावर बंदी घातली आणि पोलिसांनी स्त्रियांच्या डोक्यावरील चादरी ओढल्या. १९७९ च्या क्रांतीनंतरच्या राजवटीने काही वर्षांतच तो सक्तीचा केला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाल्यावर इराणी स्त्रियांनी रस्त्यावर तो जाळला. भारतात प्रश्न उलट बाजूने आला. कर्नाटकातील वर्गांतल्या हिजाबबंदीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ऑक्टोबर २०२२ मध्ये परस्परविरोधी निकाल दिले. चेंबूरच्या एका महाविद्यालयाची हिजाबबंदी मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये उचलून धरली, तर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अंशतः स्थगिती दिली. बंदी असो वा सक्ती, दोन्हींत स्त्रीची कारणे विचारण्याची गरजच संपते.

इजिप्तमध्ये कायदा मूक असल्याने हा निर्णय घर, शेजार आणि कचेरी यांच्या हाती राहिला. २०११ च्या उठावानंतर काही तरुणींनी हिजाब उतरवला, आणि त्यांतल्या कित्येकींना घरच्यांच्या अबोल्याला वा संतापाला तोंड द्यावे लागले. २०१५ साली शरीफ शुबाशी या पत्रकाराने कैरोच्या तहरीर चौकात एकत्र येऊन हिजाब उतरवण्याचे आवाहन स्त्रियांना केले. धर्मपंडितांनी त्याचा निषेध केला, पण स्त्रियांनी काय ल्यावे हे एखाद्या पुरुषाने सांगावे यावर स्त्रियांमधूनही नापसंती उमटली, आणि मोर्चाचा बेत बारगळला.