वायरीचा अंगरखा

जुन्या इस्त्रीची वायर आठवा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या सुती विणीची, हाताला गोधडीच्या काठासारखी लागणारी. ती वीण शोभेसाठी नव्हती. तापलेल्या इस्त्रीचा तळ वायरीला टेकला तर प्लॅस्टिक वितळतं आणि आतली तार उघडी पडते. सूत मात्र जागच्या जागी करपतं, वितळून ओघळत नाही. ऑडिओ केबलवर हल्ली जी रंगीत जाळीदार स्लीव्ह चढवतात, तिची थोरली बहीण म्हणजे ही इस्त्रीची वायर.

मी वरळीत, जांबोरी मैदानापासून चार पावलांवर राहतो आणि घरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, हेडफोनच्या केबली स्वतःच बनवतो. लॅमिंग्टन रोडवरून मीटरच्या भावाने वायर आणायची, जॅक आणि तापवल्यावर आवळणारी श्रिंक ट्यूब घ्यायची, रविवारी खिडकीशी बसून सोल्डरिंग करायचं. या सगळ्यात माझा जीव कशात अडकला असेल तर त्या वरच्या विणीत.

गोफ विणणारं यंत्र

शिमग्याला गोव्यात गोफ विणतात तो बघितलाय? मधोमध वरून रंगीत दोऱ्या लोंबतात, प्रत्येकाच्या हातात एक. निम्मे उजवीकडून फिरतात, निम्मे डावीकडून. समोरच्याच्या एकदा बाहेरून जायचं, पुढच्याच्या आतून. बघता बघता वर घट्ट वेणी पडते. केबलची स्लीव्ह विणणारं यंत्र हाच नाच नाचतं. माणसांच्या जागी दोऱ्याची रिळं असतात आणि ती लोखंडी पाटावर कोरलेल्या नागमोडी वाटांवरून एकमेकांना चुकवत पळतात. मँचेस्टरच्या थॉमस वॉलफर्डने अशा यंत्राचं पेटंट घेतलं ते १७४८ साली. इंग्रजीत त्याला नाव पडलं तेसुद्धा नाचावरूनच, तिकडच्या मे महिन्यातल्या खांबाभोवतीच्या नाचावरून. फरक एवढाच की गोफ विणणारे उलटी पावलं टाकत सगळा गोफ पुन्हा सोडवतात. मला तर विणण्यापेक्षा ते सोडवणंच जास्त अवघड वाटतं.

बुटाची लेस आणि परकराची गोल नाडीही याच जातीच्या यंत्रावर निघते. विणीलाही पोटजाती आहेत. एका दोऱ्यावरून एक गेला तर डायमंड, दोनांवरून दोन गेले तर रेग्युलर, तिनांवरून तीन गेले तर हर्क्युलस.

बाटली, शर्ट आणि स्लीव्ह

बाजारात सर्रास मिळणारी चकचकीत, किंचित ताठ स्लीव्ह पीईटीची असते. पाण्याची बाटली त्याचीच आणि वडिलांच्या पिढीचा टेरिलीनचा शर्टही त्याचाच. जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन या दोघांनी १९४१ साली त्याचं पेटंट घेतलं. दोघेही कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या सुती कापड छापणाऱ्या कंपनीत नोकरीला होते, आणि ही कंपनीही मँचेस्टरचीच. सुती कापडाच्या घरातच सुताचा प्रतिस्पर्धी जन्माला आला.

वरळीत निवड हवाच करते

कोरड्या गावातल्या माणसाने रंग बघून स्लीव्ह घ्यावी. सी-फेसला लागून राहणाऱ्याने आधी दमटपणा बघावा. गिरणीच्या धंद्यात यासाठी एक मापच होतं. कोरड्या धाग्याने हवेतून किती ओल धरली, ते वजनाच्या टक्क्यांत सांगायचं. ठरावीक हवेत सूत सुमारे ८ टक्के ओल धरतं, नायलॉन ४ च्या आसपास, आणि पॉलिएस्टर, म्हणजे आपली पीईटी, अर्धा टक्काही नाही. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी काढली. पुढे गिरण्या इथे फोफावल्या त्याला ही दमट हवाही कारण होती, कारण ओलसर सूत कातताना कमी तुटतं. तीच हवा जुलैत सुती स्लीव्हला कुबट वास आणते. हौसेने चढवलेल्या सुती विणीवर एका पावसाळ्यात बुरशीचे करडे ठिपके उठलेले मी बघितलेत. तेव्हापासून कपाटामागच्या, हात न लागणाऱ्या केबलीला मी पीईटीच घालतो.

पण एक लक्षात ठेवायचं. जाळीतून हवा आरपार जाते. खारी ओल तांब्यापर्यंत पोचू नये हे काम आतल्या पीव्हीसीचं आणि टोकाच्या श्रिंक ट्यूबचं आहे. विजेच्या वायरीवरही ही जाळी चढवली म्हणून शॉकपासून बचाव होत नाही.

आवाज बदलतो का?

नाही. सिग्नल तांब्यातून जातो, त्याच्याभोवती तांब्याच्या तारांची जी वीण असते ती बाहेरची गुणगुण अडवते, आणि आपली स्लीव्ह त्याच्याही बाहेर असते. स्लीव्हमुळे गाणं उजळतं असं कोणी सांगून जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत. एका बाबतीत मात्र फरक कानाला कळतो. हेडफोनची केबल शर्टाच्या बटणावर घासली की ती खरखर वायरीतून चढत थेट कानात येते. ताठ पीईटीने ती वाढते, मऊ सुती किंवा बारीक तंतूंच्या नायलॉनने कमी होते. म्हणून हेडफोनला मऊ वीण, मग पावसाळ्यात ती पंख्याखाली वाळवावी लागली तरी चालेल.

मऊ विणीसाठी हौशी लोकांचा लाडका माल म्हणजे पॅराकॉर्ड, पॅराशूटची दोरी. आतले सात धागे ओढून काढायचे आणि रिकाम्या खोळीत वायर घालायची. प्रसिद्ध जातीची ही दोरी ५५० पौंड, म्हणजे जवळपास २५० किलो वजन पेलते. आपण तिच्यावर टांगतो तो हेडफोन पाव किलोचा.

ढकला, ओढू नका

नवशिक्या माणूस स्लीव्ह ओढून चढवायला जातो आणि ती वायरीला घट्ट आवळून बसते. मागून ढकललं की ती फुगते आणि सहज सरकते. गांडूळ चालतं तसं दोन्ही हातांनी थोडं थोडं पुढे न्यायचं. फुगली की ती आखूडही होते, म्हणून मीटरमागे वीतभर जास्त घ्यावी. पाव इंची, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपासची पीईटी स्लीव्ह साधारण ३ पासून ११ मिलिमीटरपर्यंतच्या जाडीवर बसते. माईकची नेहमीची सहा मिलिमीटरची केबल तिच्यात छान मावते. फार ताणून बसवली तर भोकं मोठी होऊन आतलं रबर दिसतं.

या फुगण्या-आखडण्यातून १९५०च्या दशकात एक विलक्षण गोष्ट घडली. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ मॅकिबेन यांच्या मुलीचे हात पोलिओने लुळे पडले होते. रबरी नळीवर विणीची खोळ चढवून आत दाबाने हवा भरली की खोळ फुगते, आखडते आणि टोकाला बांधलेली वस्तू खेचते, अगदी स्नायूसारखी. मॅकिबेन यांचं नाव जोडलेला तो कृत्रिम स्नायू त्या मुलीची बोटं हलवण्यासाठी होता. आजही रोबोट बनवणारी मुलं असे स्नायू करतात, आणि त्यासाठी केबलवरची हीच स्लीव्ह विकत आणतात. विणीचा कोन सुमारे ५४.७ अंश झाला की मात्र दाब वाढवला तरी ती आखडत नाही आणि लांबतही नाही.

गुलालाची केबल

मंडळाच्या माईकच्या केबलीला कुठलीच स्लीव्ह घालू नये, असं माझं ठाम मत आहे. विसर्जनाचा गुलाल आणि रस्त्यावरचा चिखल विणीच्या भोकात शिरला की बाहेर निघत नाही. उघडं रबर ओल्या फडक्याने एका हातात पुसून होतं.

घरच्या केबलीचं सगळं रूप टोकांवर ठरतं. पीईटी कात्रीने कापली की टोक झाडूसारखं पिंजारतं. ही जाळी २५० ते २६० अंशांना वितळते, त्यामुळे सोल्डरिंगचं जुनं, टाकाऊ बिट तापवून कापलं की तंतू एकमेकांना चिकटून कड पक्की होते. खिडकी उघडी ठेवायची, धूर नाकात जाऊ द्यायचा नाही. जॅक सोल्डर करण्याआधीच वायरीवर स्लीव्ह, श्रिंक ट्यूब आणि जॅकची टोपी ओवून ठेवायची, नंतर त्यांना आत शिरायला वाट उरत नाही. श्रिंक ट्यूब कारखान्यात इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने पक्की करतात आणि मग तापवून, फुगवून थंड करतात, म्हणून तिला आपलं मूळ माप आठवत राहतं. हॉट एअर गनखाली तिचा तो आकार परत येताना बघावा. आधी एक कड आत वळते, मग नळी सावकाश आवळत जाते आणि खालच्या विणीचे बारीक चौकोन तिच्यावर उमटतात.