महाडहून वाशीला यायला तेरा वर्षे

उन्हाळा सरत आला आणि अंगणात, गच्चीवर बाजा पडू लागल्या की आमच्या दवाखान्यात विंचू चावलेले रुग्ण येऊ लागतात. कुणी सरपणाच्या ढिगात हात घातलेला असतो, कुणी कडब्याची पेंढी उचललेली असते, तर कुणी अंधारात न झटकताच चपलेत पाय घातलेला असतो. विंचवावर या सदरात पूर्वीही लिहिले आहे. आज मात्र विंचवाच्या निमित्ताने एका वेगळ्या विषयावर लिहायचे आहे. वैद्यकातले नवे संशोधन तुमच्या-आमच्या खाटेपर्यंत पोचते कसे, आणि कधीकधी का पोचत नाही, हा तो विषय. वर्तमानपत्रात ‘नवे संशोधन’ असे शब्द दिसले की आपण ते मुंबई-दिल्लीचे म्हणून पान उलटतो. मीही एकेकाळी तसाच उलटत असे. त्याची किंमत काय पडली ते आधी सांगतो.

१९९७ चा मे महिना

वाशीत दवाखाना थाटून मला जेमतेम वर्ष झाले होते. रात्री दहाच्या सुमारास बालाघाटच्या कुशीतल्या एका वाडीवरून एक शेतकरी आठ वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन आला. ‘‘डॉक्टरसाब, लेकराला इच्चू चावलाय,’’ एवढेच तो म्हणाला. दंश पायाच्या बोटाला होता. मूल आधी खूप रडत होते, पण माझ्याकडे आले तेव्हा शांत पडले होते. दोन उलट्या झाल्या होत्या. अंगाला दरदरून घाम होता, हात-पाय गार होते आणि नाडी जलद चालली होती.

मला वाटले, वेदना कमी झाल्या, मूल सावरते आहे. घाम भीतीने आला असेल. महाविद्यालयात शिकलो होतो तेवढे केले. वेदनेसाठी दंशाच्या जागी भूल दिली, ॲलर्जीचे इंजेक्शन दिले, स्टेरॉईड दिले. तासाभरात मूल खोकू लागले, श्वास लागला आणि तोंडाला गुलाबी फेस आला. तेव्हा माझे डोळे उघडले. जीप करून त्याला मोठ्या दवाखान्याकडे पाठवले, पण ते वाटेतच गेले.

दोन दिवसांनी मुलाचे वडील आले. मला वाटले, जाब विचारायला आले असतील. त्यांनी खिशातून वीस रुपये काढून टेबलावर ठेवले. त्या रात्रीची फी द्यायची राहिली होती. मी ते पैसे घेतले नाहीत, पण त्यांच्याकडे मान वर करून पाहायचाही मला धीर झाला नाही.

बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात

पुढे १९९९ साली बार्शीला डॉक्टरांच्या एका बैठकीत विंचूदंशावर व्याख्यान ऐकले. वक्त्यांनी जी लक्षणे फळ्यावर लिहिली, तीच त्या मुलाची होती. आणि त्यावरचे औषध १९८६ सालीच छापून आले होते! म्हणजे ते मूल माझ्याकडे आले त्याआधी अकरा वर्षे ते औषध ठाऊक झालेले होते, आणि ते मला कळले तेव्हा तेरा वर्षे उलटली होती.

हे औषध शोधणारा माणूस आपल्या मराठवाड्याचाच. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ सालचा, जालना जिल्ह्यातील देहेड गावचा. नागपूरहून एमबीबीएस झाल्यावर १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. धडधाकट माणसे विंचू चावून काही तासांत दगावताना त्यांनी पाहिली. तिथे ना मोठी प्रयोगशाळा होती, ना यंत्रे. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी यांची तासातासाची टिपणे केली. त्या टिपणांवरून धोक्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे त्यांनी मांडली आणि ती १९८२ मध्ये लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला. तो लेखही १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

विष शरीरात काय करते?

लाल विंचवाच्या विषाने शरीरातील मज्जातंतू बेफाम चाळवले जातात आणि ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात प्रचंड प्रमाणात सुटतात. आधी उलटी, लाळ आणि घाम येतो. मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता येते. मग रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हात-पाय गार पडतात. रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलताना हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी साचते. तोंडाला येणारा गुलाबी फेस तो हाच.

प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयावरचा भार उतरवते. पूर्वी घाम व लाळ थांबावी म्हणून ॲट्रोपिन देत असत, पण त्याने आधीच धावणारे हृदय आणखी पळू लागते. पश्चिम भारतात १९६१ ते १९८३ या काळात फुफ्फुसात पाणी होऊन १०० पैकी २५ ते ३० रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. १९८४ पासून प्राझोसिन वापरात आल्यावर, जिथे ते वेळेवर दिले गेले तिथे हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले.

औषध चांगले हे ठरवायचे कसे?

‘‘अमक्याला या औषधाने गुण आला’’ एवढ्यावर वैद्यकाला थांबता येत नाही. बहुतेक विंचूदंश आपोआपही बरे होतात, म्हणून तर मांत्रिकाचे नाव होते. यासाठी रुग्णांचे दोन सारखे गट करतात. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरने ठरवायचे नसते, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. एरवी आपल्या आवडत्या औषधाला आपण नकळत सोपे रुग्ण देऊन बसू.

महाडच्या आपल्या रुग्णालयात बावस्करांनी अशीच चाचणी घेतली. ती २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. विंचूदंशाची गंभीर लक्षणे असलेले ७० रुग्ण होते, प्रत्येक गटात ३५. प्राझोसिन सर्वांनाच दिले, एका गटाला त्यासोबत विंचवाचे प्रतिविष दिले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिविषाच्या गटात ३२ निघाले, तर नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८. ज्या गोळीने त्यांचे नाव झाले, तिच्यापेक्षा दोन्ही मिळून जास्त लवकर गुण येतो, हे त्यांनी स्वतःच सिद्ध करून छापले. संशोधकाचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हा. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. कुठल्याही गटाला उपचारावाचून ठेवलेले नव्हते. तुम्हाला कधी अशा चाचणीत भाग घ्यायला कुणी विचारले, तर आपल्या भाषेतला संमतीचा कागद मागा, तो वाचा किंवा वाचून घ्या, आणि नको वाटले तर मधूनही बाहेर पडता येते हे लक्षात असू द्या.

कागदावरून खाटेपर्यंत

मग छापून आलेले ज्ञान वाशीला यायला तेरा वर्षे का लागावीत? महाडहून वाशी एसटीने एका दिवसाची वाट.

याचे उत्तर मला माझ्याच टेबलावर सापडले. त्या काळी आठवड्याला चार-पाच औषध प्रतिनिधी माझ्याकडे येत. नव्या खोकल्याच्या औषधाची, नव्या जीवनसत्त्वाची रंगीत पत्रके देत. विंचवाबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही. प्राझोसिन ही जुनी आणि स्वस्त गोळी, शिवाय विंचू चावतो तो गरिबाला. तिच्यासाठी बॅग घेऊन उन्हातान्हात कोण हिंडणार? त्यांचा दोष नाही, तो त्यांचा धंदा. चूक माझी, की पदवी मिळाली म्हणजे शिकणे संपले असे मी धरले आणि जे कुणी आणून देईल तेवढेच वाचले.

हे आजचेच नाही. इंग्रज आरमारातील डॉक्टर जेम्स लिंड याने १७४७ मध्ये १२ आजारी खलाशांवर निरनिराळे उपचार करून संत्री-लिंबांनी स्कर्व्ही बरा होतो हे दाखवले. त्या आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळू लागला तो १७९५ मध्ये. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने ती पद्धत देशभर स्वीकारली. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी दारात येते, त्यामागे हे संशोधन आहे. तिला ‘‘बाळ बरं आहे’’ म्हणून उंबऱ्यावरूनच परत पाठवू नका.

आता परिस्थिती सुधारते आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना डॉक्टरांना ३० श्रेयांक दाखवावे लागतात. ते व्याख्याने व कार्यशाळांना हजर राहून मिळतात. सही करून जेवणापुरते थांबणारेही असतात. मीही कधीकाळी तसे केले आहे, पण १९९९ नंतर केले नाही. धाराशिवला २०२२-२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या मुला-मुलींना माझे एवढेच सांगणे, की पुस्तकातल्या प्रकरणाबरोबर रुग्णाच्या उशाशी बसून टिपण करायला शिका. बावस्करांकडे बिरवाडीत वही, घड्याळ आणि रक्तदाबाचे यंत्र याहून फारसे काही नव्हते.

विंचू चावल्यास

जखम कापू नका, वर करकचून बांधू नका, तोंडाने ओढू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवायला हरकत नाही.

किती वाजता चावला ते पाहून ठेवा. कागद नसेल तर रुग्णाच्या हातावर पेनाने लिहा. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

नुसती जागेवरची आग आणि कळ असेल तर बहुधा धोका कमी. उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, गार हात-पाय, धाप यांपैकी काहीही दिसले तर क्षणभरही थांबू नका. रडणारे मूल गप्प झाले आणि घामाने भिजले, तर ते बरे होते आहे असे समजू नका.

मोठी काळी इंगळी पाहून माणसे घाबरतात. जास्त घातक तो लहानसा लाल विंचू.

लहान मूल असेल तर लक्षणे नसली तरी २४ तास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत येत नाही.

प्राझोसिन घरात आणून ठेवू नका आणि आपल्या मनाने देऊ नका. मात्रा वजनावरून ठरते. ती दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवायचे असते. मूल रडते म्हणून आईने उचलून उभे धरले तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. सापाच्या विषावरची लस विंचवाला चालत नाही, तिचा हट्ट धरू नका.

१९९९ पासून माझ्या टेबलाच्या खणात विंचूदंशाची एक वेगळी वही आहे. प्रत्येक रुग्णाची वेळ, लक्षणे, दिलेले औषध आणि शेवट तीत लिहिलेला असतो. पहिल्या पानावर मात्र १९९७ ची नोंद आहे, आठवणीतून लिहिलेली. तीत दंशाची वेळ कोरी आहे, कारण त्या रात्री ती विचारायचे मला सुचले नव्हते.