‘रिंग’ आणि ‘रिंगण’ : अर्थविस्ताराच्या दोन वाटा

इंग्रजीतील अनेकार्थी शब्द मराठीत येतो तेव्हा तो आपल्या सर्व अर्थांनिशी येतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. सातारा-सांगली परिसरातील ‘रिंग’ या शब्दाचे वापर पाहता हे गृहीतक टिकत नाही. हा शब्द येथे निरनिराळ्या व्यवसायांतून, एकेका अर्थाने शिरलेला दिसतो. विहिरीत सिमेंटच्या रिंगा सोडतात, गॅरेजात पिस्टनच्या रिंगा बदलतात, मुली कानांत रिंगा घालतात. शब्दाने स्त्रीलिंग व ‘रिंगा’ हे मराठी अनेकवचन स्वीकारले, ही तो रुळल्याची खूण होय. अंगठी, जोडवी, कडे हे शब्द मात्र समर्थ असल्याने आपल्या जागी टिकून राहिले.

दूरध्वनीच्या ‘रिंग’चा विचार वेगळा करावा लागेल. प्राचीन इंग्रजीत ‘ह्रिंग’ म्हणजे कडे आणि ‘ह्रिंगन’ म्हणजे निनादणे, असे दोन स्वतंत्र शब्द होते. कालांतराने त्यांचे रूप एक झाले. म्हणजेच ही अनेकार्थता नसून समरूपता आहे. कोशात त्यांची नोंद स्वतंत्र हवी.

ध्वनिसाम्यामुळे ‘रिंगण’ हा शब्दही ‘रिंग’शी जोडण्याचा मोह होतो. तथापि ‘रिङ्गण’ हा शब्द संस्कृतात रांगणे, सरकणे या अर्थी आहेच. त्यामुळे ‘रिंगणा’चे मूळ इंग्रजीत शोधण्याचे कारण नाही. अर्थविस्तारात मात्र दोहोंत लक्षणीय साम्य आढळते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातील पहिले उभे रिंगण सातारा जिल्ह्यात, तरडगावाजवळ चांदोबाचा लिंब येथे होते. वारकरी दुतर्फा उभे राहतात आणि मधल्या सरळ वाटेने अश्व धावतात. येथे वर्तुळ नाही. म्हणूनच वर्तुळाकार रिंगणाला ‘गोल’ हे विशेषण जोडावे लागते. इंग्रजीतही मुष्टियुद्धाची ‘रिंग’ चौकोनीच असते. दोन्ही शब्दांत आकार मागे पडून माणसांनी वेढलेली मोकळी जागा हा अर्थ उरला आहे.

‘रिंग’चा सर्वांत बोचरा अर्थ बाजारात भेटतो. हळद वा बेदाण्याच्या सौद्याविषयी बोलताना शेतकरी ‘रिंग झाली’ म्हणतो, तेव्हा खरेदीदारांनी आपसांत ठरवून बोलीतील चढाओढ थांबविली, असे त्याला सुचवायचे असते. हा अर्थ इंग्रजीतही आहे. अशा लिलावी संगनमताविरुद्ध ब्रिटनने 1927 मध्ये कायदा केला. मराठीत ‘संगनमत’ व ‘साटेलोटे’ हे शब्द असूनही ‘रिंग’ रुजली, कारण त्या शब्दांची व्याप्ती मोठी आहे. लिलाव आणि टेंडर यांपुरता नेमका शब्द हवा होता.

रिंगणात वेढा पडतो तो सर्वांना पाहता यावे म्हणून. सौद्याच्या रिंगेत तो पडतो इतरांना बाहेर ठेवण्यासाठी. एकाच शेतकऱ्याच्या तोंडी हे दोन्ही शब्द असतात आणि त्यांतील भेद तो अचूक जाणतो. ‘गोल वस्तू’ एवढाच अर्थ देऊन कोशकार थांबला, तर त्या शेतकऱ्याची तक्रार कोशात उतरतच नाही. म्हणून अशा शब्दांच्या नोंदीत आकाराइतकेच महत्त्व वापराच्या क्षेत्राला द्यावयास हवे.